वरून पाहिलेले बेळगाव

मराठी विभागात काम करणाऱ्या माणसाकडे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे काम आपोआप चालत येते. शुद्धलेखन तपासायला दुसरे कोण आहे, हा त्यामागचा हिशेब. यंदाच्या अंकाचा विषय होता 'आपले शहर'. मुखपृष्ठावर काय असावे यावर बैठक लांबली, चहा दोनदा आला, आणि शेवटी एका सहकाऱ्याने सुचवले की आकाशातून दिसणाऱ्या किल्ल्याचे छायाचित्र टाकू. ड्रोनने काढता येईल. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा लग्नसराईत ड्रोन चालवतो हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण त्या दिवसांत तो वर्गात नसतो.

कल्पना मलाही आवडली. सारे आयुष्य बेळगावात गेले, पण हे गाव मी कधी वरून पाहिलेले नाही. किल्ला आपण आत शिरून पाहतो. दुर्गादेवीच्या देवळापाशी गाडी लावायची, दरवाजातून आत जायचे, कमल बस्ती, साफा मशीद, रामकृष्ण आश्रम, की परत. तो किल्ला लांबट गोल आहे आणि भोवती रुंद खंदक आहे, हे आपण पुस्तकात वाचलेले असते. तो गोल एकदा डोळ्यांनी बघावा अशी माझी जुनी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला ग्रंथालयात बोलावले. मुलगा कन्नड माध्यमातून आलेला, घरी आई मराठी बोलणारी, वडील कन्नड. आपल्या वाचकांना हे काही नवीन नाही. त्याने पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवले. मी हातात घेऊन पाहिले तर जेमतेम पाव किलो साखरेच्या पुडीएवढे वजन. एवढ्याशा वस्तूची कसली आली भीती, असे मला वाटले होते, ते इथे लिहून ठेवतो.

"सर, किल्ला नाही होणार," तो म्हणाला आणि त्याने संगणकावर सरकारचा 'डिजिटल स्काय'चा नकाशा उघडला.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी देशात ड्रोनचे नवे नियम आले. त्यांत आकाशाचे तीन रंग केले आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फूट म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. पिवळ्या भागात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाव काढायचे नाही. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्याची मर्यादा २०० फुटांवर येते, त्याहून जवळ गेले की पिवळा आणि मग लाल. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला 'नॅनो' म्हणतात आणि ते चालवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. मात्र नकाशाचे रंग त्यालाही लागू आहेत. पुष्कळ जणांची गफलत होते ती इथेच. परवाना नको म्हणजे काहीच नको, असे दुकानदारही सांगतो आणि आपणही ऐकतो. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आता आपल्या गावाकडे बघा. पूर्वेला सांबऱ्याचा विमानतळ आणि त्याला लागून हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र. गावाच्या मध्यावर कॅम्प, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, कमांडो शिक्षण देणारी संस्था. किल्ला लष्कराच्या शेजारी, शिवाय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली, म्हणजे तिथे ड्रोन न्यायचा तर त्या खात्याची लेखी परवानगी हवी. हलग्याजवळची सुवर्ण विधानसौध, जिचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी केले, ती तर विधिमंडळाची इमारत. तिच्यावर यंत्र घिरट्या घालू लागले तर पोलीस छायाचित्राचे कोन विचारत बसणार नाहीत. मी एकेक स्थळ सांगत गेलो आणि तो एकेक खोडत गेला. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर घेऊ म्हटले. १९२४ सालच्या अधिवेशनासाठी खोदलेली ती विहीर, गांधीजी अध्यक्ष झालेले ते एकमेव अधिवेशन, विषय उत्तमच. तो म्हणाला, "सर, वरून ती विहीर दिसेल वाटीएवढी. आणि बाजूला रेल्वेच्या तारा."

किल्ला तलावाच्या काठचा राष्ट्रध्वज २०१८ साली उभारला, त्याचा खांब ११० मीटर उंच आहे. आपण रस्त्यावरून मान वर करून बघतो, टोपी पडते, एवढेच. ड्रोनवाल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की परवानगीची कमाल उंची गाठली तरी तो खांब जेमतेम दहा मीटर खाली राहतो. शिवाय मोठ्या लोखंडाजवळ यंत्राचे होकायंत्र बहकते. तेवढ्या जवळून चित्र छान येते म्हणून लोक जातात, असे तो म्हणाला.

"मग काय काढायचे रे?" मी जरा चिडूनच विचारले.

"सर, हद्दु मीरबारदु."

कन्नड येणाऱ्यांच्या लक्षात आलेच असेल. हद्दु म्हणजे हद्द, आणि हद्दु म्हणजे घारही. योगायोग असा की बेळगावात ड्रोनचा मोठा वैरी घारच. कत्तलखान्याच्या आसपास, तलावावर, कॅम्पातल्या जुन्या झाडांवर घारी असतात आणि घरट्याच्या दिवसांत आपल्या आकाशात काही गुरगुरत आले की सरळ झडप घालतात. यंत्र पडते, आणि कधी पक्ष्याचा पंखही कापला जातो. घार दिसली की आपण उतरायचे, ही त्या मुलाची रीत. मला ती आवडली.

अखेर मीच राजहंसगड सुचवला. येळ्ळूरचा हा गड शहराच्या दक्षिणेला आहे, विमानतळापासून लांब, आणि गडावरून उत्तरेला सारे बेळगाव पसरलेले दिसते. पुढे गडाचा बुरूज, मागे शहर, असे मुखपृष्ठ माझ्या मनात तयारच झाले. नकाशा आदल्या रात्री पाहिला, निघताना पुन्हा पाहिला, कारण रंग बदलू शकतात. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर संघर्ष चालला होता तेव्हा मुंबईसह अनेक शहरांत ड्रोनवर बंदी आली होती, आणि त्या काळात लग्नवाल्यांनाही यंत्रे पेटीत ठेवावी लागली. गडाखाली एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या मोकळ्या शेतात उभे राहिलो. इथपर्यंत आमचे सारे रीतसर होते.

रविवार होता. येळ्ळूरची वाट चढताना आजूबाजूला भात कापून झालेली शेते, मळणीचा वास, मधूनच विटांच्या भट्ट्या. गडावर २०२३ साली शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिल्यापासून सुट्टीच्या दिवशी तिथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात. पूर्वी आम्ही कॉलेजात असताना सिद्धेश्वराच्या देवळातला दिवा आणि आम्ही चार पोरे, एवढीच वस्ती असायची. आता डबे, सतरंज्या, चुरमुऱ्यांच्या पुड्या. तटावर माणसे उभी दिसत होती. ती खालून मुंग्यांएवढी दिसत होती, आणि मुंग्यांएवढी दिसत असल्यामुळेच की काय, माझ्या डोक्यात त्यांचा विचार आला नाही.

पहिली दहा मिनिटे फार आनंदात गेली. मुलाने मला पडदा दाखवला. वर जाता जाता शेतांच्या चौकटी लहान झाल्या, लाल मातीची वाट दोरीसारखी झाली, आणि मग उत्तरेला धुक्यात बेळगाव उगवले. सारे एका तळहातावर. मला काय वाटले ते नीट सांगता येणार नाही. ज्या गावाच्या नावावरून, पाट्यांवरून, गल्ल्यांवरून इतकी वर्षे आपण बोललो, भांडलो, ते वरून एक हिरवट राखाडी ठिपका होते आणि त्यात कुठली गल्ली कोणाची हे काहीच कळत नव्हते.

मग मला बुरूज हवा झाला. आम्ही गडाच्या उत्तरेला होतो. बुरूज पुढे आणि शहर मागे यायचे तर यंत्र गडाच्या पलीकडे, दक्षिणेला न्यायला हवे होते.

"ब्याड्री सर," तो म्हणाला, "आ कडे सिग्नल सिगूदिल्री. आणि गाळी भाळ ऐत्री."

"दोन मिनिटांचे काम आहे रे. घे जरा."

प्राध्यापकाने विद्यार्थ्याला 'घे जरा' म्हटले की ते सांगणे राहत नाही, हुकूम होतो. हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवे होते. त्याने नेले. यंत्र नजरेआड गेले. नियमाप्रमाणे ते सतत डोळ्यांना दिसले पाहिजे, हे त्याने मला ग्रंथालयात सांगितले होते. पडद्यावर बुरूज आला, मी म्हटले, "अजून थोडा खाली, बुरूज मोठा दिसू दे." आणि पडदा गोठला.

संपर्क तुटला की यंत्र आपोआप निघाल्या जागी परत येते. ऐकायला ही सोय किती छान वाटते! पण ते परत येते ठरवून दिलेल्या उंचीवरून, सरळ रेषेत. आणि ती उंची मोजली जाते जिथून उडाले त्या जागेपासून. सकाळी शेतात चाचणी करताना भोवतीची झाडे पाहून त्याने साठ मीटर ठरवली होती. शेताला ती पुरेशी होती. मध्ये अख्खा डोंगर आणि त्यावर तट आहे, हे त्या यंत्राला कोण सांगणार? लहान यंत्रांना बहुधा समोरचे दिसत नाही. ते तटाच्या वरच्या कडेवर येऊन आदळले.

खालून आम्हाला काहीच दिसले नाही. फक्त बाईमाणसाची किंकाळी ऐकू आली आणि आम्ही दोघे धावत सुटलो. त्या चढाला मला एरवी वीस मिनिटे लागतात. त्या दिवशी किती लागली ठाऊक नाही.

तटावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बसला होता आणि त्याच्या आईने पदराने त्याचे कपाळ दाबून धरले होते. पंख्याचे तुटलेले पाते उडून त्याच्या भुवईला लागले होते. डोळ्याच्या वर एक बोट. पदर पार भिजला होता. तिने माझ्याकडे पाहिले आणि एकच विचारले, "कण्ण होगिद्र येन माड्तिद्री?" डोळा गेला असता तर काय केले असते? माझ्याकडे दोन भाषा होत्या आणि एकातही उत्तर नव्हते.

भोवती गर्दी झाली. मोबाइल निघाले. कोणी पोलिसांना बोलवा म्हणाले, आणि एकाने, आपल्याकडे अशा वेळी एक तरी निघतोच, मुले कुठल्या भाषेची आणि यंत्रवाले कुठल्या भाषेचे यावर सुरुवात केली. तेव्हा मुलाचे वडील पहिल्यांदा बोलले, तेही मराठीत. "भाषा राहू द्या वो. पोराला आधी डाक्टरकडं नेऊया." आणि त्यांनी मुलाला खांद्यावर घेतले.

वाटेत लागलेल्या पहिल्या दवाखान्यात तीन टाके पडले. डॉक्टरांनी दोनदा डोळा तपासला, दृष्टीला काही झालेले नाही म्हणाले, तेव्हा माझा विद्यार्थी बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि रडला. त्याला मी काय सांगणार? चूक त्याची नव्हती. मी तसे मुलाच्या वडिलांना सांगितले आणि घरी येऊन बायकोलाही सांगितले. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या पोराला लागलं असतं तर तुम्ही त्या माणसाएवढे शांत राहिला असता?"

पाचव्या दिवशी टाके काढायचे होते. आम्ही दोघे वडगावला त्यांच्या घरी गेलो. गल्लीत मागांची खटखट चालू होती. त्यांच्या घरातही दोन यंत्रमाग आहेत, बोलायचे तर आवाज चढवावा लागतो, त्यामुळे आमची क्षमायाचनाही ओरडूनच झाली. पैशांचा विषय काढला तर वडील नको म्हणाले. दवाखान्याचे तुम्ही दिलेत, झाले. मुलगा मात्र खुशीत होता. शाळेत त्याच्या पट्टीची चर्चा झाली होती. त्याने ती चित्रे बघायला मागितली.

यंत्र मोडले होते, पण आतले कार्ड शाबूत होते. मोबाइलवर चित्र उघडून दिले. बुरूज, मागे भातशेते, मागे बेळगाव. खरे सांगतो, चित्र अप्रतिम आले होते. मुलाने बोटांनी ते मोठे केले, अजून मोठे केले. "नम्म मनी यल्लैति?" घर काही सापडेना. चौकटी फुटून नुसते रंगीत दाणे राहिले.

आई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे येऊन चित्र बघू लागली आणि मग माझ्या विद्यार्थ्याला म्हणाली, "गेल्या लग्नात आमच्या गल्लीवर असलंच एक फिरत होतं. त्यात गच्चीवरचं पण दिसतं काय रे?"

तो गप्प राहिला. दिसते. आपल्या गल्ल्यांत गच्ची ही अर्धी घराची खोली असते. वाळवण तिथे, केस वाळवणे तिथे, बाळंतिणीचे ऊन खाणे तिथे, दुपारी परकर-पोलक्यात पापड लाटणेही तिथेच. समोरच्या घरातून दिसणार नाही अशा बेताने भिंत चार फूट चढवलेली असते. वरून कोणी बघेल हा हिशेब भिंत बांधणाऱ्याने केलेला नसतो. परत येताना तो मला म्हणाला की त्याच्याकडे वरातींच्या चित्रीकरणात अशा किती तरी गच्च्या आल्या आहेत. त्या रात्री बसून त्याने त्या सगळ्या पुसल्या. मी सांगितले नव्हते.

हे सारे लिहिण्याचे कारण, आता लग्नसराई आहे आणि यात्रांचे दिवस पुढे आहेत. आपल्या घरातल्या कार्याला ड्रोन येतोच. पैसे देणारे आपण असतो, म्हणून 'अजून थोडे खाली घ्या' म्हणणारेही आपणच असतो. माझ्यासारखे. चालवणारा बहुधा विशीतला पोरगा असतो, तो मोठ्यांना नाही म्हणत नाही. त्याला नाही म्हणता येईल अशी मोकळीक आपण द्यावी. वऱ्हाडी मंडळींच्या डोक्यावरून यंत्र नको, बाजूने चालेल. मांडवाच्या विजेच्या तारा, उसाच्या ट्रॉलीवरचे कर्णे, पतंगाचा मांजा, हे आधी चालत जाऊन पाहून घ्यायला दहा मिनिटे पुरतात. परतीची उंची त्या जागेवरच्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा जास्त हवी, आणि जमीन चढती असेल तर तो चढही तीत मिळवायला हवा. बॅटरी संपत आल्यावर परतायला सुरुवात करणे म्हणजे खिशातले शेवटचे दहा रुपये मोडल्यावर बसचे तिकीट विचारणे. जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर असतो, आणि आमच्याकडे दुपारनंतर तो वाढतो. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्जिंगला लावून झोपायचे नाही. आणि लहान मुले यंत्र उतरताना धावत जवळ येतात, तेव्हा घरातल्या एका मोठ्या माणसाने तेवढेच काम करावे.

माझ्या विद्यार्थ्याने यंत्र दुरुस्त करून घेतले. अर्धा खर्च मी दिला, अर्धा त्याने घेऊ दिला नाही. गणेशोत्सवात एका मंडळाने कपिलेश्वर तलावावरच्या विसर्जनाचे काम त्याला देऊ केले होते. त्या रात्रीची तिथली गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. तो नाही म्हणाला, आणि एका नातेवाइकाच्या माडीच्या खिडकीतून साध्या कॅमेऱ्याने त्याने चित्रे काढली. त्यातले एक फार चांगले आहे. पाण्यात उतरलेला माणूस, गळ्यापर्यंत बुडालेला, आणि मूर्तीचा फक्त मुकुट वर.

राहिले मुखपृष्ठ. राजहंसगडाचे चित्र छापावे असे सहकाऱ्यांचे मत पडले. मला ते छापवेना. किल्ल्यासाठी परवानगीचा अर्ज करून उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ छापखान्याने दिला नसता. तेव्हा एका सकाळी आम्ही दोघे साधा कॅमेरा घेऊन कमल बस्तीत गेलो. १२०४ साली रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बीचिराज याने बांधवलेले हे जिनालय. आत नेमिनाथांची काळ्या दगडाची मूर्ती, आणि मंडपाच्या छताला दगडात कोरलेले, खाली लोंबणारे कमळ, ज्यावरून नाव पडले. मी ते शेकडो वेळा मान वर करून पाहिले असेल. त्या मुलाने चप्पल दाराबाहेर ठेवली होती, तो सरळ फरशीवर उताणा झोपला, कॅमेरा छातीवर धरला आणि बराच वेळ तसाच राहिला. सकाळचे ऊन दारातून आत येऊन खांबांवर चढत होते. राखणदार बघून हसला, पण काही बोलला नाही.

"सर, इथून बघा," तो म्हणाला.

मी इकडेतिकडे पाहिले. कोणी ओळखीचे नव्हते. मग मीही त्याच्या शेजारी झोपलो. फरशी चांगलीच गार होती.